राहून गेलेला रफार

डावरीची आई सव्वीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासत होती. त्या सव्वीस वर्षांत आपल्या हातून किती चुका सुटल्या, हे तिला पुस्तकांच्या नावांसकट पाठ होतं, आणि तो आकडा दहाच्या पुढे गेलेला नव्हता. रस्त्याने चालतानाही तिचं काम सुरूच असायचं. डेअरीच्या पाटीवर 'दुध' असं दिसलं की ती थेट काउंटरपाशी जायची आणि म्हणायची, "भाऊ, दूध पातळ देता ते देता, निदान उकार तरी दीर्घ द्या." डेअरीवाला हसायचा आणि पाटी तशीच ठेवायचा. लहानपणी डावरीला या प्रकाराची लाज वाटायची. मोठी झाल्यावर तीच गोष्ट ती मैत्रिणींना रंगवून सांगायला लागली.

डावरी हे नाव शाळेत पडलेलं. ती डाव्या हाताने लिहायची, त्यामुळे ओळ पुढे सरकली की मनगट ओल्या शाईवरून फिरायचं आणि वहीचं पार वाटोळं व्हायचं. बाई हातावर पट्टी मारायच्या. आईने शाळेत जाऊन भांडण वगैरे केलं नाही. तिने एका संध्याकाळी पोरीला समोर बसवलं आणि एक युक्ती सांगितली. "लिहिताना काही इलाज नाही, पण मोठं अक्षर रंगवायचं असेल ना, तर शेवटून सुरू कर. उजवीकडून डावीकडे ये. म्हणजे हात नेहमी कोऱ्या कागदावर राहील." तेव्हापासून डावरी सगळे शब्द शेपटाकडून रंगवायची. जगाला तो उरफाटा कारभार वाटे, पण अक्षरं अशी वळायची की बघणाऱ्याने बघत राहावं.

घरात या दोघीच. वडील डावरीला नीटसे आठवतसुद्धा नव्हते. त्यामुळे आईची नजर जायला लागली तेव्हा ते ओळखायला घरात फक्त डावरी होती, आणि तिने ते ओळखलं नाही.

आई दाराच्या चौकटीला खांदा आपटायची. डावरी म्हणायची, "आई, दार वीस वर्षं तिथेच आहे." आई पण हसायची. जिन्यात शेजारीण बाजूने आली तर आई तिच्याकडे न बघता निघून जायची, आणि शेजारीण म्हणायची की बाईंना हल्ली शिंगं फुटलीत. अशी दोन वर्षं गेली. शेवटी डोकेदुखी असह्य झाली म्हणून डॉक्टरांकडे गेल्या, तर डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जितकी टिकेल तितकी टिकवायची, आणि फार दिवस टिकेल असं वाटत नाही. एवढं सांगून ते कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "दुर्लक्ष झालंय."

कुणाचं, ते ते बोलले नाहीत. पण डावरीने ते वाक्य आपल्याच नावावर करून घेतलं. दवाखान्यातून घरी येताना आई औषधांबद्दल काहीबाही बोलत होती आणि डावरीच्या डोक्यात तेवढे दोनच शब्द फिरत होते.

छापखान्याने आईला निरोपाचं भाषण देऊन मोकळं केलं. आई घरी बसली. पण सकाळचा पेपर मात्र ती अजून वाचायची, नाकाला लावून, एकेक अक्षर करत. दोन तासांत पहिलं पान संपायचं आणि त्यातल्या चार चुकाही सापडायच्या. डावरीला त्याचा फार मोठा धीर वाटायचा. पेपरातलं मुंगीएवढं अक्षर जिला दिसतं तिची नजर एवढ्यात कुठे जाते, असा तिचा हिशोब होता. माणूस आपल्याला हवं ते गणित बरोबर मांडतो.

याच सुमारास डिझाइनच्या वर्गात सरांनी पोस्टर करायला दिलं. या सरांना मुलं फूटपट्टी म्हणायची, कारण ते बोलतानाही हातात पट्टी धरून बोलायचे आणि कुणाच्या कामाचं कौतुक करायच्या आधी ते मोजून बघायचे. फूटपट्टीसरांनी सांगितलं, "एकच शब्द. हाताने काढलेला. चित्र नको, सजावट नको, कॉम्प्युटर तर मुळीच नको. तो शब्द तुमच्या घरातला पाहिजे. चांगली कामं खाली व्हरांड्यात लागतील, शनिवारी पालकांना दाखवू."

डावरीने तिथल्या तिथे ठरवलं की आपला शब्द 'दुर्लक्ष'. आणि दुसरं ठरवलं ते असं, की आईची नजर आहे तोवर तिने आपलं एक काम पूर्ण बघायचं. याआधीची कामं आईने बघितलीच नव्हती. रोज छापखान्यातून दमून यायची, म्हणायची, "रविवारी नीट बघते हं." पुढे ते रविवार कामाच्या गठ्ठ्यांखाली गेले. आता मात्र बघायचं. म्हणून डावरीने अक्षरं चांगली वीतभर उंच घेतली. वर्गात बाकीचे त्याच्या निम्म्याने काढत होते, पण आईला सहज दिसायला हवं ना!

शब्द ऐकून आई म्हणाली, "हा कसला शब्द गं? चांगला 'उजेड' घे, 'माया' घे."

"हाच घ्यायचाय."

"बरं बाई. ल वर रफार, विसरू नकोस."

पहिला कागद वाया गेला तो युक्तीमुळेच. शेवटून सुरुवात केली, क्ष ऐसपैस मांडला, ल सुद्धा खाऊन पिऊन सुखी दिसायला लागला, आणि दु ची पाळी आली तेव्हा कागद संपत आला होता. बिचारा दु भिंतीला चेपलेल्या माणसासारखा कडेला उभा राहिला. पेन्सिलची आखणी डावरीने केली नव्हती अशातला भाग नाही, पण रंगवता रंगवता हात सैल सुटला. तिने कागद फाडला, नवीन आणला, आणि या खेपेला प्रत्येक अक्षराची हद्द आखून घेतली.

दुसरा कागद छान जमला होता. तीन दिवस लागले. क्ष ची गाठ तिने दोन वेळा खोडून तिसऱ्यांदा मनासारखी केली. पोस्टर द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी तिने तो कागद वाळायला टेबलावर ठेवला आणि ब्रश धुवायला मोरीत गेली. परत आली तर आई टेबलापाशी उभी होती. तिने चहाचा पेला नेहमीच्या जागी ठेवला होता. फक्त नेहमीच्या जागी आज टेबल नव्हतं, कागद होता. कागदावर रंगाची बाटली होती, पेला तिच्यावर टेकला आणि कलंडला. चहा ल वरून क्ष मध्ये उतरत होता. आईला ते कळलं तशी तिने घाईघाईने फडकं ओढलं आणि पुसायला गेली, त्यात होतं नव्हतं तेही फरफटलं.

डावरी ओरडली. "दिसत नाही का तुला?"

कुठल्याही घरात दिवसातून चारदा म्हटलं जाणारं वाक्य. डावरीला ते परत गिळता आलं असतं तर तिने जिभेसकट गिळलं असतं. आई फडकं हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "चुकलं माझं. लक्ष नव्हतं." आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली.

माफी मागायची तर आत्ताच मागायला हवी होती. डावरीने ती मागितली नाही. राग होता, लाज होती, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता पोस्टर द्यायचं होतं. तिने तिसरा कागद बोर्डला लावला आणि डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसत शेवटून सुरुवात केली. क्ष. मग ल. मग दु. आता हद्दी तोंडपाठ होत्या. दिवे लागायच्या आत पोस्टर पुरं झालं, आणि खरं सांगायचं तर आधीच्या दोन्हींपेक्षा सरस झालं.

मग तिने तो बोर्ड उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि आईसमोर भिंतीला टेकवला. ही तिची माफी होती.

"आई, बघ ना. तपासून दे."

आई स्टुलावर सरसावून बसली. तिने मान हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, मध्ये दोनदा थांबली. "सुरेख," आई म्हणाली. "अक्षरं काय वळलीत गं! एकही चूक नाही." मग छापखान्यात प्रुफांवर लिहायची तसं तिने बोर्डच्या पाठीवर लिहून दिलं, 'छपाईस हरकत नाही', आणि खाली सही केली. अर्धी सही कडेवरून बाहेर हवेतच गेली. दोघी हसल्या. डावरीने आईच्या गळ्यात हात टाकले आणि तिला वाटलं, झालं, भरून पावले.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळी पोस्टरं फळ्याखाली ओळीने उभी होती. फूटपट्टीसर एकेकाला मोजत, नाक मुरडत पुढे आले आणि डावरीच्या पोस्टरपाशी थबकले. मग पट्टीचं टोक त्यांनी ल च्या डोक्यावर, जिथे काहीच नव्हतं तिथे टेकवलं.

"रफार?"

डावरी पुढे झाली. तिने पाहिलं. ल बोडका होता. 'दुलक्ष'.

रफार हा तिचा जुना वैरी. त्याचा उच्चार ल च्या आधी, पण तो बसतो ल च्या डोक्यावर, आणि शेवटून रंगवत येणाऱ्या माणसाला त्याची पाळी नक्की कधी येते तेच कळत नाही. म्हणून ती रफार सगळ्यात शेवटी, अक्षरं वाळल्यावर द्यायची. काल अक्षरं वाळायच्या आत ती बोर्ड उचलून आईकडे धावली होती.

ती "सर, माझं" एवढंच म्हणाली असेल, तोवर सर वर्गाकडे वळले होते. त्यांचा चेहरा उजळला होता, आणि हा प्रसंग वर्षातून एखादाच. "बघा रे! शब्द कुठला? दुर्लक्ष. आणि राहिलंय काय? रफार. अर्धा तास हे तुमच्या समोर आहे, एकाच्या तरी लक्षात आलं? याला म्हणतात कल्पना!" वर्गाने टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन." म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. ती म्हण डावरीच्या घरात काचबिंदू कळल्यापासून चार महिने कुणी उच्चारली नव्हती.

टाळ्या चालू असतानाच तिला कळलं. सव्वीस वर्षांत ज्या बाईने दुसऱ्यांच्या पुस्तकांतला साधा अनुस्वार सहसा सुटू दिला नाही, जी दुकानांच्या पाट्यांशी भांडली, जिने शब्द ठरला त्याच क्षणी रफाराची आठवण करून दिली, तिने वीतभर उंचीच्या तीन अक्षरांना हरकत नाही असं लिहून दिलं होतं. आईला पोस्टर दिसलंच नव्हतं. काही म्हणजे काहीच दिसलं नव्हतं. डावरी प्रसाधनगृहात गेली, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडली. आपण उशीर केला, एवढंच तिला राहून राहून वाटत होतं.

घरी आल्या आल्या आईने विचारलं, "काय म्हणाले तुझे सर?"

"आवडलं. व्हरांड्यात लागणार आहे."

"आणि चूक?"

"सरांनी एकही चूक काढली नाही." यात खोटं काहीच नव्हतं.

"मग! तपासलं कुणी होतं?" असं म्हणून आई इतकी खुलली की संध्याकाळभर भांडी घासताना गुणगुणत होती. डावरीला तिच्याकडे बघवेना.

शनिवारी आईला घरीच ठेवायचे तिने हरतऱ्हेचे प्रयत्न केले. गर्दी असते, जिने असतात, ऊन असतं. पण आई सकाळपासून ठेवणीतली साडी नेसून बसली होती. "मी पास केलेलं काम, आणि मीच बघायला जाऊ नको?" मग डावरीने चपला घातल्या.

व्हरांडा लांबच लांब होता, एका बाजूला खिडक्या आणि दुसऱ्या बाजूला पोस्टरं. फूटपट्टीसर दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी वडिलांना धरून उभे होते. ते इकडे फिरकू नयेत म्हणून डावरीने मनातल्या मनात सगळ्या देवांना साकडं घातलं. तिने आईला पोस्टरसमोर नेऊन उभं केलं. आईने घरी केलं तसंच केलं. मान या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, दोनदा थांबली आणि म्हणाली, "छान लागलंय हो." डावरीने "हो" म्हटलं. आता निघावं, असं ती म्हणणार होती.

तेवढ्यात एक मोठं कुटुंब फोटो काढायला आलं. "काकू, जरा मागे होता का?" डावरीने आईचा दंड धरून तिला मागे नेलं. ते लोकही मागे सरकले, फोटोत सगळी मावेनात. या दोघी आणखी मागे झाल्या, आणि असं होत होत पार जिन्यापाशी पोहोचल्या. तिथे आईने सहज वळून बघितलं आणि तिचा दंड डावरीच्या हातात ताठ झाला.

"थांब," ती म्हणाली.

तिने हनुवटी जरा खाली घेतली आणि डोळे बारीक केले. प्रुफांवर वाकलेली असताना ती असंच करायची. डावरीने ते कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"रफार कुठाय?"

डावरीला आधी समजेना की काय झालं. मग समजलं, आणि आनंदाने ओरडावं की तोंड लपवावं ते कळेना. सुचलं ते ती बोलली. "मुद्दाम सोडलाय, आई. दुर्लक्ष, म्हणून. सरांना फार आवडली कल्पना."

"लेखक हेच सांगायचे," आई म्हणाली. "चूक दाखवली की. मुद्दाम केलंय म्हणे." ती पोस्टरवरून नजर काढत नव्हती. "म्हणजे घरी पण नव्हता."

"नव्हता."

"आणि मी सही केली."

आईने कठड्याला हात टेकला. मग हळू आवाजात, लाजल्यासारखं सांगायला लागली. "जवळचं मोठं काही कळत नाही गं मला. किल्लीच्या भोकातून बघावं एवढंच दिसतं. पेपरातलं अक्षर त्यात मावतं. तुझं अक्षर मावेना. इकडे बघितलं तर काळं, तिकडे बघितलं तर काळं. कशाचं काय, पत्ताच लागेना. इथून मावतंय बघ. सगळा शब्द दिसतोय."

"मग तेव्हा सांगायचं ना आई!"

"कसं सांगू? तू आधीच..." आईने वाक्य पुरं केलं नाही. तिला दुखवायचं नव्हतं, पण डावरीला जिथे लागायचं तिथे लागलं. मी तुझ्यासाठी मोठं काढलं होतं, असं तिला म्हणायचं होतं. ते तिने राहू दिलं. "माझं चुकलं," एवढंच ती कशीबशी म्हणाली. चहा सांडला त्या दुपारपासून राहिलेलं ते.

आईने तिचा हात थोपटला. मग तो सोडवून घेतला.

"तू जा बघू तिकडे. पोस्टरपाशी."

"कशाला?"

"जा म्हणते ना."

डावरी गेली. फोटोवाले पांगले होते. ती पोस्टरखाली पोहोचली आणि वळली, तर आई जिन्यापाशी कठड्याला टेकून तिच्याकडे बघत होती. केसांपासून चपलांपर्यंत, सावकाश, काही सुटू नये अशी बघत होती. घरात हातभर अंतरावरून तिला लेकीचं नाक दिसे, नाहीतर एक डोळा, नाहीतर कानातलं.

"बारीक झालीस गं!" आईने तिथूनच हाक मारून सांगितलं. व्हरांड्यातले चार लोक हसले. "आणि ड्रेस नवीन कधी घेतलास?"

"नवीन कुठला, दीड वर्ष झालं त्याला!" डावरी रडता रडता ओरडली. आणि मग तिला राहवलं नाही, ती आईकडे धावत निघाली.

आईने हात वर केला. "येऊ नकोस. तिथेच थांब जरा."

डावरी थांबली. चार पावलं पुढे आली होती, ती मागे गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आजूबाजूने लोक जात होते, तिच्याकडे आणि पोस्टरकडे बघत होते. तिला आईच्या कुशीत शिरायचं होतं, पण जवळ गेली असती तर आईला ती दिसली नसती.